गवंडी पाठवण्याआधी

महाराष्ट्र सरकारने २०२४ साली जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. आपण त्यांना १० हजार कुशल माणसं द्यायची. यादीत परिचारिका आहेत, चालक आहेत, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, सुतार, रंगारी आहेत आणि विटा-टाइलचं काम करणारे गवंडीही आहेत. करार चांगला आहे. आपल्या मुलांना बरा पगार मिळेल, जग दिसेल. पण त्यातून निघणारा एक प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. स्टुटगार्टच्या घरासाठी जसा गवंडी तयार करून द्यायचा, तसाच तयार केलेला गवंडी वाघोलीच्या, कल्याणच्या, नाशिकच्या घराला का मिळू नये?

जर्मनीत राहणारी मराठी कुटुंबं सुट्टीत घरी आली की तिथल्या घरांचं कौतुक हमखास निघतं. वरच्या मजल्यावरचं पाऊल ऐकू येत नाही, खिडकी लावली की रस्ता गप्प होतो, पावसाळ्यात भिंतीला ओल नाही. ऐकणारा म्हणतो, त्यांच्याकडे पैसा आहे, यंत्रं आहेत, सिमेंट चांगलं आहे. हे खरं मानून आपण विषय सोडून देतो आणि तिथेच चुकतो. सिमेंट आपल्याकडेही चांगलं मिळतं. सळई मिळते. ब्लॉक तर अगदी तेच मिळतात.

ब्लॉकचंच बघा. आपल्याकडे साइटवर ज्याला सरसकट ‘सिपोरेक्स’ म्हणतात, तो हलका, पांढरट, सच्छिद्र ब्लॉक जर्मनीत ‘युटोंग’ या नावाने घरोघरी आहे. दोन्ही नावं मूळची स्वीडनची, माल एकाच जातीचा. जर्मन गवंडी पहिला थर मसाल्यावर अगदी पातळीत बसवतो. त्या एका थरावर तो जेवढा वेळ घालवतो, तेवढ्यात आपल्याकडे अर्धी भिंत उभी राहते. पुढचे थर तो दातेरी थापीने एक ते तीन मिलिमीटर जाडीचा चिकट मसाला ओढून बसवतो. ब्लॉकवरची धूळ ब्रशने झाडतो, मगच मसाला लावतो. आपल्याकडे त्याच ब्लॉकला वीटकामाचा जाड मसाला लागतो, धूळ तशीच राहते, कॉलम आणि भिंत जिथे भेटतात तिथे प्लास्टरखाली जाळी लावायची विसरतात. दुसऱ्या उन्हाळ्यात कॉलमच्या कडेने सरळ उभी भेग पडते. मग सोसायटीच्या सभेत ‘सिपोरेक्सच वाईट’ असा ठराव होतो. ब्लॉक वाईट नव्हता. तो कसा लावायचा हे लावणाऱ्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

आपल्याकडे गवंडी होतो कसा? गावाकडून आलेला मुलगा बिगारी म्हणून माल कालवतो, घमेली उचलतो. दोन-तीन पावसाळे तो मिस्त्रीचा हात बघत राहतो. मग एखाद्या दिवशी माणूस कमी पडतो आणि थापी त्याच्या हातात येते. त्यातले काही विलक्षण तयार होतात. नुसत्या नजरेने ओळंबा सांगणारे मिस्त्री मी पाहिले आहेत आणि त्यांच्यापुढे कुठल्याही इंजिनिअरने नम्र व्हावं. पण ते तयार झाले ते स्वतःच्या जिद्दीने. व्यवस्थेने त्यांना काही दिलं नाही. आयटीआयचा बांधकाम-गवंडी अभ्यासक्रम एक वर्षाचा. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात गवंड्यांना जे प्रशिक्षण मिळतं ते ४५ दिवसांचं. शहरातल्या बहुतेक साइटवर यातलं काहीच नसतं. सकाळी मजूर नाक्यावर उभा असलेला माणूस आठ वाजता टेम्पोत बसतो आणि दहा वाजता तुमच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग करत असतो.

जर्मनीत गवंडीकाम शिकायला तीन वर्षं लागतात. मुलगा पहिल्या दिवसापासून एखाद्या कंपनीच्या साइटवर काम करतो, विद्यावेतन घेतो, अधूनमधून व्यवसाय-शाळेत बसतो आणि काही आठवडे वेगळ्या प्रशिक्षण केंद्रात जातो. तिथे चुकीची भिंत बांधली तर ती पाडून पुन्हा बांधायची. शेवटी परीक्षा. ती झाली की तो कारागीर. त्यापुढे ‘माइस्टर’ची परीक्षा असते आणि तिचे चार भाग असतात. पहिला हाताच्या कामाचा, दुसरा त्यामागच्या शास्त्राचा, तिसरा हिशेब आणि कायद्याचा. चौथा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो शिकवण्याचा आहे. पुढच्या पोराला कसं घडवायचं हे ज्याला येत नाही तो माइस्टर होत नाही. बांधकामाच्या बहुतेक मुख्य कामांत माइस्टर असल्याशिवाय सहसा स्वतःची कंपनी काढता येत नाही.

हे फार कडक आहे, यात जुन्या कारागीर-संघांची मक्तेदारी दडली आहे, असा आक्षेप जर्मनीतही घेतला गेला. २००४ साली सरकारने ५३ व्यवसायांची ही अट काढून टाकली. त्यात फरशी-टाइल बसवणारे होते, जमिनीचा कोबा घालणारे होते, लाकडी फरशीवाले होते. वाटलं होतं की स्पर्धा वाढेल, दर उतरतील, नवे लोक येतील. नवे लोक आले. टाइल बसवणाऱ्यांच्या एकट्या-दुकट्या कंपन्या भराभर वाढल्या. पण एकट्याने चालणारी कंपनी शिकाऊ मुलगा ठेवत नाही, आणि ज्याला स्वतःलाच परीक्षा द्यावी लागली नाही तो दुसऱ्याला कशाला घडवेल? शिकाऊ मुलं कमी झाली. कामाबद्दलच्या तक्रारी वाढल्याचं कारागिरांच्या संघटना वर्षानुवर्षं सांगत राहिल्या. शेवटी २०२० च्या फेब्रुवारीत संसदेच्या निर्णयाने १२ व्यवसायांना माइस्टरची अट पुन्हा लागू झाली. टाइलवाले, कोबेवाले, लाकडी फरशीवाले त्यात परत आले. अर्थतज्ज्ञांचा विरोध होता, तो बाजूला ठेवला गेला.

सोळा वर्षं मोकळीक देऊन बघितली आणि मागे फिरले. आपण त्या मोकळिकीत जन्मापासून आहोत. कुठे मागे फिरायचं हेही आपल्याला माहीत नाही, कारण आपल्याकडे ती अट कधी नव्हतीच.

आता त्या कोब्याकडे जरा जवळून पाहू, कारण सगळा फरक तिथे दिसतो. जर्मन घरात काँक्रीटच्या स्लॅबवर थेट टाइल बसत नाही. आधी आवाज अडवणाऱ्या पाट्या अंथरतात, भिंतीच्या कडेने मऊ पट्टी लावतात आणि मग त्यावर सिमेंटचा कोबा घालतात. या कोब्याने भिंतीला कुठेही शिवायचं नाही. शिवला तर वरचं पाऊल भिंतीतून खाली उतरतं. वरच्या मजल्यावरचा आवाज ऐकू येत नाही त्यामागे ही साधी कडेची पट्टी आहे. आवाजासाठी ‘डीआयएन ४१०९’ हे मानक आहे आणि ते पाळलं नाही तर ताबा घेणारा माणूस कोर्टात उभा राहू शकतो.

कोबा घातला की वाट बघायची. घाई चालत नाही. टाइल किंवा लाकूड लावण्याआधी कारागीर कोब्याचा एक तुकडा फोडून काढतो, तो कुटतो, त्यातला ५० ग्रॅम चुरा पोलादी बाटलीत घालतो. सोबत पोलादी गोळ्या आणि कॅल्शियम कार्बाइडची काचेची कुपी. हे तेच कार्बाइड, जे आपल्याकडे आंबे पिकवायला चोरून वापरतात. झाकण घट्ट लावून बाटली हलवायची. कुपी फुटते, चुऱ्यातल्या पाण्याशी कार्बाइडचा संयोग होऊन वायू तयार होतो, झाकणावरचा काटा दाब दाखवतो. त्यावरून ओल किती ते कळतं. सिमेंटच्या कोब्याला २ टक्के, खाली गरम पाण्याच्या नळ्या असतील तर १.८ टक्के. काटा याच्या वर असला तर काम थांबलं. मालक ओरडो, बिल्डर ओरडो, काम थांबलं. आकडा कागदावर लिहून त्यावर सही होते. उद्या लाकूड फुगलं तर हा कागद निघतो.

आपल्या बाथरूमचा ब्रिकबॅट कोबा आठवून पाहा. तळाशी पाणी भरून किती दिवस ठेवलं, गळती तपासली का, कोणी तपासली, कुठे लिहिलं? खालच्या मजल्यावरच्याच्या छतावर पिवळा डाग पडला की मग शोध सुरू होतो. तोवर मिस्त्रीचा फोन बंद, ठेकेदार बदललेला आणि बिल्डरच्या ऑफिसातला मुलगा ‘कळवतो’ म्हणून फोन ठेवतो.

डीआयएनसारखी जर्मन मानकं काही सरकारने काढलेले कायदे नाहीत. ती १९१७ पासून काम करणारी एक संस्था तयार करते. पण जर्मन न्यायव्यवहारात एक तत्त्व पक्कं रुजलं आहे. करारात लिहिलं नसलं तरी बांधणाऱ्याने त्या काळची मान्य तांत्रिक पद्धत पाळलीच पाहिजे, आणि ती कोणती हे ठरवताना कोर्ट बहुतेक वेळा या मानकांकडे बघतं. आपली राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ सालची आहे, जाडजूड आहे, अभ्यासपूर्ण आहे. पण ती मुळात शिफारस आहे. राज्याने नियमात घेतली तेवढीच ती बंधनकारक. आणि आपल्या विकास नियंत्रण नियमांचं लक्ष कुठे असतं? एफएसआय किती, बाल्कनी मोजायची का, पार्किंग किती, टीडीआर कुठे चढवायचा. इमारत किती मोठी व्हावी यावर आपण वर्षानुवर्षं भांडतो. ती कशी बांधावी यावर कोणी भांडत नाही.

पैशाचंही तसंच. जर्मनीत बिल्डरला घर पूर्ण होण्याआधी पैसे घ्यायचे असतील तर टप्पे नियमाने ठरलेले आहेत. खोदकाम सुरू झालं की ३० टक्क्यांपर्यंत. सगळा सांगाडा उभा राहिला की आणखी २८. खिडक्या बसल्या की ७. आतला गिलावा ४.२. तो मघाचा कोबा २.१. टाइल २.८. घर राहण्याजोगं करून ताबा दिला की ८.४. आणि सगळं, अगदी सगळं संपल्यावर शेवटचे ३.५. हे टप्पे जोडून बिल्डर जास्तीत जास्त सात हप्ते मागू शकतो. याशिवाय काम वेळेत आणि मोठ्या दोषाशिवाय पुरं होईल याची हमी म्हणून ग्राहक पहिल्याच हप्त्यातून एकूण किमतीच्या ५ टक्के रोखून धरू शकतो.

आपल्या महारेराच्या नमुना करारातही टप्पे आहेत, आणि १९६३ च्या मोफा कायद्यापासूनच्या अनागोंदीच्या तुलनेत ते फार मोठं पाऊल आहे. पण त्यात सगळे स्लॅब पडेपर्यंत ७० टक्के रक्कम गेलेली असते. भिंती, गिलावा, फरशी, दारं, खिडक्या हे सगळं मिळून पुढचे फक्त ५ टक्के. म्हणजे ज्या कामात तुमचं रोजचं जगणं आहे, त्या कामासाठी बिल्डरला घाबरायला काही कारणच उरत नाही. स्लॅब ओतण्यात त्याचा पैसा सुटतो, गिलाव्यात सुटत नाही. मग तो गिलावा कोणाला देणार? सगळ्यात स्वस्त ठेकेदाराला.

दोषाची जबाबदारी मात्र दोन्हीकडे पाच वर्षांचीच आहे. जर्मन नागरी कायद्यात इमारतीच्या दोषाला पाच वर्षं, आपल्या २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ मध्येही पाच वर्षं. आपल्याकडे तर तक्रार दिल्यापासून ३० दिवसांत फुकट दुरुस्ती करून द्यायची, असं स्पष्ट लिहिलं आहे. कायदा कमी नाही. कमी आहे तो ताब्याच्या दिवसाचा कागद. जर्मनीत ताबा घेताना अनेक कुटुंबं स्वतःच्या खर्चाने स्वतंत्र तज्ज्ञ सोबत नेतात. तो लेव्हल लावतो, टाइल ठोकून पोकळ कुठे वाजते ते ऐकतो, खिडकीची रबरपट्टी बघतो आणि दोषांची यादी त्याच दिवशी, त्याच जागी लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या होतात. दिसत असलेला दोष तेव्हा लिहून घेतला नाही तर नंतर त्यावरचे काही हक्क जातात, म्हणून कोणी हयगय करत नाही. आपल्याकडे त्या दिवशी नारळ, पेढे आणि किल्लीसोबत फोटो. आनंदाचा दिवस असतो, मान्य. पण त्याच दिवशी आपण ‘सर्व सुविधा समाधानकारक मिळाल्या’ अशा छापील कागदावर सही करतो आणि पाच वर्षांच्या हक्काची बाजू स्वतःच्या हाताने कमकुवत करतो.

जर्मनीचं सगळं सोनं आहे असं मी म्हणत नाही. बर्लिनचा नवा विमानतळ २०११ ला उघडायचा होता. आगीच्या वेळी धूर बाहेर काढण्याची यंत्रणाच नीट बसेना आणि तो २०२० च्या ऑक्टोबरात उघडला. २ जानेवारी २००६ ला बव्हेरियातल्या बाड राइशेनहालमध्ये स्केटिंगच्या सभागृहाचं छत बर्फाच्या भाराखाली कोसळलं. १५ माणसं गेली, त्यात बहुतेक मुलं होती. ओल लागून तुळयांचा गोंद सुटला होता. चौकशीत कळलं की मोठ्या इमारतींसाठी जी स्वतंत्र तपासणी त्या देशाचा अभिमान आहे, त्या तपासणीतून गेलेले या छताचे हिशेब कागदपत्रांत सापडतच नाहीत. एक सही राहिली आणि तेहतीस-पस्तीस वर्षांनी मुलं मेली.

घरं महाग झाली आहेत, हेही खरं. वर्षाला ४ लाख घरांचं उद्दिष्ट ठेवलेल्या देशात २०२४ ला सुमारे २ लाख ५२ हजार घरं पुरी झाली. म्हणून आता तिथे साधी घरं बांधायला मुभा देण्याची चर्चा जोरात आहे. प्रत्येक खोलीत इतके प्लग नकोत, आवाजाचं मानक थोडं सैल चालेल, भिंत थोडी पातळ चालेल. ही चर्चा आपल्याकडे आणताना एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. ते सैल करायला निघाले आहेत ते सुखसोयींचे नियम. इमारत उभी राहण्याचे आणि आगीत माणूस वाचण्याचे नियम नाहीत.

आपल्याकडे नेमकं तिथेच सैल आहे. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शिळ इथे बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली, ७४ माणसं गेली. २४ ऑगस्ट २०२० ला महाडमधली पाच मजली ‘तारिक गार्डन’ कोसळली, १६ गेली. ती इमारत जुनी नव्हती. जेमतेम सात-आठ वर्षांची होती. २०२५ च्या ऑगस्टात विरारमध्ये १७ गेली. दर वेळी बिल्डर, कंत्राटदार, पालिकेचे अधिकारी यांच्यावर गुन्हे दाखल होतात, स्ट्रक्चरल ऑडिटचे आदेश निघतात, मृतांच्या वारसांना मदत जाहीर होते. पण ते काँक्रीट कोणी कालवलं, पाणी किती ओतलं, सळईखाली कव्हर ब्लॉक होते का, सेंट्रिंग कितव्या दिवशी काढलं, याची नोंद कुठेच नसते. ज्याने केलं त्यालाही कोणी सांगितलं नव्हतं की जास्तीचं पाणी ओतलं तर काँक्रीट कमजोर होतं. त्याला सांगितलं होतं की माल लवकर पसरला पाहिजे.

म्हणून मला तो करार महत्त्वाचा वाटतो. बाडेन-व्युर्टेम्बर्गला पाठवायच्या मुलांना जर्मन भाषा शिकवायची, तिथल्या कामाची पद्धत शिकवायची, तर ते शिक्षण फक्त विमानात बसणाऱ्यांसाठी का ठेवायचं? मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. इतक्या वर्षांच्या नात्यातून एक तरी गवंडी-शाळा मागून घ्या. तिथले निवृत्त माइस्टर इथे बोलवा. आमचे जुने, पक्के मिस्त्री शिक्षक म्हणून नेमा, त्यांना पगार द्या, खुर्ची द्या, प्रमाणपत्रावर त्यांची सही घ्या. इमारत बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे उपकराचा पैसा जमा होतो. त्यातला ठोस हिस्सा कामगारांना वाटल्या जाणाऱ्या भांड्यांच्या संचाऐवजी तीन वर्षांच्या खऱ्या प्रशिक्षणावर आणि शिकणाऱ्या मुलाच्या विद्यावेतनावर खर्च करा. महारेराने हप्त्यांचा तक्ता बदलावा. गिलावा, वॉटरप्रूफिंग, फरशी, खिडक्या यांना स्वतंत्र आणि भरीव टप्पे द्यावेत, आणि ज्या टप्प्याचं काम तपासून सही झालेली नाही त्याचा हप्ता मागता येऊ नये.

आणि घर घेणाऱ्यांनो, सरकार हे करेल तेव्हा करेल. तुमच्या हातात ताब्याचा दिवस आहे. बिल्डरशी संबंध नसलेला सिव्हिल इंजिनिअर सोबत न्या. लाखो रुपयांच्या घरात त्याची फी काहीच नाही. बाथरूममध्ये पाणी भरून ठेवायला सांगा आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघा. प्रत्येक टाइल ठोका. भोगवटा प्रमाणपत्राची प्रत हातात घ्या. दोष लिहा, तारीख घाला, बिल्डरच्या माणसाची सही घ्या, मगच किल्ली घ्या. छापील समाधानपत्रावर त्या दिवशी सही करू नका.